घरची फळांची वाईन बाटलीत भरेपर्यंत कशी राखावी

वाईनच्या बहुतेक कृती फळं किती, साखर किती, यीस्ट कुठलं हे अगदी तोलूनमापून सांगतात आणि शेवटी एका ओळीत उरकतात: 'दोन-तीन महिने मुरू द्या, मग बाटल्या भरा.' नव्याने करणाऱ्यांची वाईन बिघडते ती बहुतेक वेळा याच ओळीत. फळ चांगलं होतं, आंबलंही छान, पण मुरायला म्हणून कोपऱ्यात ठेवलेलं भांडं दोन महिन्यांनी उघडलं तर वर पांढरा तवंग आणि नाकाला झोंबणारा आंबूस वास. हा लेख त्या मधल्या काळाबद्दल आहे. फळं कुस्करण्यापासूनची सगळी कृती इथे नाही.

आधी हे का होतं ते पाहू. आंबणं जोरात चालू असतं तेव्हा वाईनला वेगळं राखावं लागत नाही. यीस्ट रसात विरघळलेला ऑक्सिजन भराभर संपवतं आणि कार्बन डायऑक्साइडचा झोत सतत बाहेर पडत असल्यामुळे हवेला आत शिरायला वाव मिळत नाही. साखर संपली की हे दोन्ही थांबतं. यीस्ट तळाशी बसतं आणि भांड्यात उरतं दहा-बारा टक्के अल्कोहोल असलेलं द्रव. इतकं अल्कोहोल असलं म्हणजे वाईन आपोआप टिकते, असा एक समज आहे, पण तो खरा नाही. व्हिनेगर तयार करणाऱ्या ॲसिटोबॅक्टर जातीच्या जिवाणूंना तेवढं अल्कोहोल सहज सोसतं, किंबहुना तेच त्यांचं खाद्य असतं. त्यांना फक्त हवा हवी असते. वाईनवर तवंग धरणाऱ्या रानटी यीस्टलाही हवाच लागते, आणि रंग तपकिरी होऊन चव उतरते तीही हवेमुळेच. तेव्हा बाटली भरेपर्यंतची राखण म्हणजे मुख्यतः हवेपासूनची राखण. सल्फाइट (वाईन टिकवायची पूड, तिच्याबद्दल पुढे), गाळणं, थंड जागा या गोष्टी तिच्या जोडीला येतात, तिच्या ऐवजी नाही.

दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगून टाकतो. घरी वाईन करण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, तुमच्याकडे काय चालतं ते आधी पाहा. आणि तयार वाईन उकळून तिचा अर्क काढण्याच्या फंदात पडू नका. ते बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि आग लागण्यापासून विषबाधेपर्यंत धोके त्यात आहेत. खालची सगळी मापं ५ लिटर वाईन धरून दिली आहेत.

१. आंबणं खरंच संपलंय का?

बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं नाही. खोली गार झाली तरी बुडबुडे थांबतात. बूच नीट बसलेलं नसेल तर वायू दुसरीकडून निघून जातो आणि एअरलॉक (बुचातली पाणी भरलेली नळी, जी वायू बाहेर सोडते पण हवा आत घेत नाही) मुका राहतो. उलट, आंबणं कधीच संपलेलं असतं, पण दुपारी खोली तापली की विरघळलेला वायू सुटतो आणि एअरलॉक पुन्हा टुकटुक करायला लागतो. एअरलॉकवर भरवसा ठेवू नका, हायड्रोमीटर घ्या, म्हणजे वाईनमध्ये तरंगत ठेवून तिची घनता पाण्याच्या (१.०००) तुलनेत दाखवणारी काचेची नळी; साखर संपत जाते तसा आकडा उतरतो. या छंदात एकच उपकरण विकत घ्यायचं असेल तर ते हे.

कोरडी, म्हणजे साखर पूर्ण संपलेली, वाईन साधारण ०.९९० ते ०.९९८ वर येऊन थांबते. एका आकड्यावर जाऊ नका. तीन-चार दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही वेळा तोच आकडा आला तरच संपलं म्हणा. मोजताना हायड्रोमीटर बोटांनी हलकेच गोल फिरवा, नाहीतर त्याला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. वाचन किती तापमानासाठी आहे ते त्याच्या कागदावर छापलेलं असतं, बहुधा २० अंश सेल्सियस. मोजायला काढलेली वाईन पिऊन टाका किंवा ओतून द्या, पण पुन्हा भांड्यात घालू नका.

आकडा १.०१५ किंवा १.०२० वर अडकून बसला असेल तर पुढच्या पायऱ्यांकडे वळू नका. भांडं जरा उबदार जागी, २० ते २४ अंशांत ठेवा, तळाचं यीस्ट हलकेच ढवळून वर आणा आणि आठवडाभर वाट पाहा. अर्धवट थांबलेल्या वाईनमध्ये सल्फाइट घालून 'झाली एकदाची' म्हणणं म्हणजे पुढे बाटल्या फुटण्याची सोय करून ठेवणं.

२. साक्यावरून निवळ काढणं

फळाचा चोथा बहुतेकजण पाच-सात दिवसांत काढतात. तो भांड्यात असेपर्यंत दिवसातून दोनदा खाली दाबत राहा. वर तरंगणारा चोथा कोरडा पडला की व्हिनेगरचे जिवाणू सगळ्यात आधी तिथेच बसतात. अनेकदा वाईन 'मुरताना' बिघडली असं वाटतं, पण तिची सुरुवात या चोथ्यावर झालेली असते.

आंबणं संपल्यावर तळाशी जाड साका बसतो. त्यात मेलेलं यीस्ट आणि फळाचे बारीक कण असतात. या जाड साक्यावर वाईन फार दिवस ठेवली तर यीस्टच्या पेशी विरघळायला लागतात, चव कडवट होते आणि कधी कधी सडक्या अंड्याचा वास येतो. म्हणून आंबणं संपल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत निवळ दुसऱ्या भांड्यात घ्या. पुढे बसतो तो पातळ, मऊ साका तितका त्रास देत नाही, त्यासाठी दीड-दोन महिन्यांनी एकदा निवळ काढली तरी पुरे. दर आठवड्याला काढत बसू नका, कारण प्रत्येक वेळी थोडी हवा आत जातेच.

निवळ कशी काढता याला फार महत्त्व आहे. भरलेलं भांडं आदल्या दिवशीच टेबलावर ठेवा म्हणजे हलवल्याने उठलेला साका पुन्हा खाली बसेल. सायफनची नळी वाईनमध्ये मधोमध सोडा, तळाला टेकवू नका. दुसरं टोक खालच्या भांड्याच्या थेट तळाशी पोचलं पाहिजे, म्हणजे पहिले काही थेंब सोडले तर बाकीची वाईन वाईनच्या आतच पडत राहते. नळी वर लटकत असेल आणि धार खळखळत पडत असेल तर त्या दोन मिनिटांत वाईन जितकी हवा पिते तितकी बंद भांड्यात महिनाभरातही पीत नाही. नळीत बुडबुड्यांची माळ दिसली तर जोड सैल आहे असं समजा, चिमटीत दाबून धरा. शेवटची बोटभर वाईन साक्यासकट सोडून द्या. तेवढ्यासाठी भांडं तिरकं करण्याचा मोह होतोच.

स्वच्छतेचं थोडक्यात सांगतो. धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. आधी ब्रश आणि गरम पाण्याने सगळी चिकट घाण काढा, मगच जंतुनाशक. मळलेल्या भांड्यावर जंतुनाशकाचा उपयोग होत नाही. कपडे धुण्याचं क्लोरीनवालं ब्लीच वापरू नका. त्याचा अंश राहिला तर फळातल्या घटकांशी मिळून दवाखान्यासारखा वास लागतो आणि तो जात नाही. काच, अन्नासाठीचं प्लॅस्टिक आणि स्टेनलेस स्टील चालतं. लोखंड, तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियम वाईनपासून लांब ठेवा.

३. भांडं गळ्यापर्यंत भरा

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. निवळ काढल्यावर वाईनचा पृष्ठभाग भांड्याच्या अरुंद गळ्यात आला पाहिजे, बुचाच्या खाली दोन-तीन सेंटीमीटर. कारण सरळ आहे: तवंग, व्हिनेगर, तपकिरी रंग हे सगळं वाईन आणि हवा जिथे भेटतात तिथे घडतं. गळ्यात ती जागा मोठ्या नाण्याएवढी असते. तीच वाईन खांद्यापाशी थांबली तर जागा ताटाएवढी होते, वर लिटरभर हवा कोंडली जाते ती वेगळीच.

पण साका सोडून दिल्यावर ५ लिटरचे साडेचारच उरतात, मग भांडं भरायचं कसं? उपाय बरेच आहेत, माझ्या पसंतीच्या क्रमाने देतो. सुरुवातच थोडी जास्त करावी, साडेपाच-सहा लिटर, आणि जास्तीची वाईन लहान बाटलीत एअरलॉक लावून बाजूला ठेवावी, ती भरीला कामी येते. तसं केलं नसेल तर लहान भांडं शोधा: साडेचार लिटर वाईन एका चार लिटरच्या भांड्यात आणि उरलेली अर्ध्या लिटरच्या बाटलीत, दोन्ही काठोकाठ. तिसरा उपाय म्हणजे साधारण तशाच चवीची तयार वाईन ओतणं. चौथा, काचेच्या गोट्या उकळून, गार करून एकेक सोडणं म्हणजे पातळी वर चढते. रंगीत किंवा नक्षीच्या गोट्या नकोत, साध्या काचेच्या घ्या आणि भांडं तिरकं धरून सावकाश सोडा. पाणी शेवटी. ५ लिटरमध्ये पाव लिटर पाणी घातलं तर १२ टक्क्यांची वाईन ११.४ वर येते. एकदा चालून जाईल, दर वेळी केलंत तर पाणचट होईल.

'वर कार्बन डायऑक्साइडचा थर असतो, तो हवेपेक्षा जड, त्यामुळे रिकामी जागा राहिली तरी चालते' हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. आंबणं चालू असताना ते खरं, कारण वायू सतत तयार होत असतो. आंबणं थांबल्यावर तो थर झाकणासारखा बसून राहत नाही, वायू एकमेकांत मिसळतात. एकदा बूच उघडून वास घेतलात की तो गेलाच. म्हणून 'बघूया कशी झालीय' म्हणत दर चार दिवसांनी उघडणं सोडा. महिन्यातून एकदा बघितलं तरी पुष्कळ.

एअरलॉककडे लक्ष असू द्या. त्यातलं पाणी महिन्याभरात उडून जातं आणि कोरडा एअरलॉक म्हणजे उघडं भोक. रात्री गारठा पडला की वाईन आकसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं, म्हणून साध्या पाण्याऐवजी त्यात सल्फाइटचं पाणी किंवा कडक मद्य भरा. फळांभोवती घोंघावणाऱ्या चिलटांच्या पायांवर व्हिनेगरचे जिवाणू असतात. एक चिलट एअरलॉकमध्ये पडलेलं दिसलं तर तो धुऊन, नव्याने भरून लावा. भांडं अंधाऱ्या, शक्य तितक्या एकसारख्या तापमानाच्या जागी ठेवा. १२ ते १६ अंश मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तरी दिवसा तापणारी आणि रात्री गार होणारी जागा टाळा, कारण त्या चढउताराने भांडं रोज थोडी हवा आत घेतं.

४. सल्फाइट: किती, कधी, कसं

पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे सरबतं आणि स्क्वॅश टिकवायला वापरतात तेच केएमएस. आम्लात विरघळलं की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. तो जिवाणूंना रोखतो आणि हवेने वाईनचा रंग-चव बिघडवण्याआधी मध्ये पडतो. 'मला रसायन नको' म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांचं म्हणणं मला समजतं. सल्फाइटशिवायही वाईन होते, पण मग भांडं काठोकाठ भरणं, सामू (पीएच) खाली ठेवणं, म्हणजे वाईन पुरेशी आंबट ठेवणं, गार जागा आणि वाईन लवकर पिऊन संपवणं यातलं काहीच सोडता येत नाही. पहिल्या-दुसऱ्या खेपेला तरी ते वापरा, असं माझं मत आहे. दमा असलेल्या काहींना सल्फाइटचा त्रास होतो, त्यामुळे बाटलीवर तशी चिठ्ठी लावा आणि देताना सांगा.

किती घालायचं हे वाईनच्या सामूवर अवलंबून असतं, आणि नेमकं हेच बहुतेक कृतींत नसतं. सामू ३.२ असेल तर सुमारे २१ पीपीएम (म्हणजे लिटरमागे २१ मिलिग्रॅम) मोकळा, म्हणजे इतर घटकांशी न बांधलेला, सल्फर डायऑक्साइड पुरतो. ३.४ ला ३२ लागतात, ३.६ ला ५० आणि ३.८ ला जवळपास ८०. सामू ०.३ ने चढला की गरज दुप्पट होते. केळं, पपई, आंबा अशा कमी आंबट फळांच्या वाईनी म्हणूनच लवकर बिघडतात: सामू चढलेला असतो आणि नेहमीची मात्रा तिथे तोकडी पडते. अशा वाईनीत आधी थोडं टार्टारिक किंवा मॅलिक आम्ल घालून सामू ३.४ ते ३.५ च्या आसपास आणा. लिटरला एक ग्रॅमपासून सुरुवात करा, ढवळा, मोजा, चव घ्या. सामू मोजायचं छोटं यंत्र घ्या, कागदी पट्ट्यांवर ३.३ आणि ३.७ यांतला फरक कळत नाही.

आता मोजमाप. ५ लिटरला ५० पीपीएम द्यायचे तर केएमएस लागतं जेमतेम ०.४४ ग्रॅम. घरातल्या काट्यावर हे मोजता येत नाही आणि 'चिमूटभर' हे माप इथे धोक्याचं आहे. म्हणून द्रावण करा: १० ग्रॅम केएमएस थोड्या उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि पाणी घालून एकूण १०० मिली करा. या द्रावणाच्या १ मिलीने ५ लिटर वाईनमध्ये सुमारे ११ पीपीएम वाढतात. म्हणजे ५० पीपीएमसाठी साडेचार मिली. औषधाची सुई नसलेली सिरिंज यासाठी उत्तम. द्रावण घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि काही आठवड्यांनी नवीन करा. कोरडी पूडही ओलसर जागी राहिली की तिचा जोर उतरतो, जुनाट डब्यावर विसंबू नका. पूड विरघळवताना भांड्यावर नाक नेऊ नका, ठसका बसतो.

पहिली मात्रा आंबणं संपल्यावर, पहिली निवळ काढताना: ५० पीपीएम. द्रावण रिकाम्या भांड्यात आधी घाला आणि त्यावर वाईन सायफन करा, आपोआप मिसळतं. या पहिल्या मात्रेतला बराच भाग वाईनमधल्या इतर घटकांशी बांधला जातो आणि कामाचा उरत नाही, म्हणून ती मोठी असते. पुढे दर वेळी निवळ काढताना २५ ते ३० पुरतात. मोकळं सल्फर डायऑक्साइड मोजायचे संच मिळतात, पण गडद लाल वाईनमध्ये त्यांतले काही चुकीचं उत्तर देतात, तेव्हा आकड्याबरोबर नाकही वापरा. नुकत्या पेटवलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास यायला लागला तर जास्त झालंय, थांबा.

५. काय बिघडतंय ते ओळखणं

महिन्यातून एकदा उजेडात भांडं बघा. गळ्यात पांढरट, कोरडी, सुरकुतलेली साय धरली असेल, दुधावर धरते तशी, आणि भांडं हलवल्यावर तिचे तुकडे होऊन खाली पडत असतील, तर ते तवंगाचं यीस्ट आहे. लवकर दिसलं तर वाईन वाचते. साय ढवळून आत मिसळू नका. तीच किंवा तशीच वाईन नळीने तळाशी सोडत जा, म्हणजे पातळी चढून साय गळ्यातून बाहेर वाहून जाईल. गळा आतून निर्जंतुक द्रावणात भिजवलेल्या कापडाने पुसा, ५० पीपीएम सल्फाइट द्या, बूच घट्ट बसवा. आठ दिवसांनी पुन्हा बघा.

साय पातळ, करडी, ओलसर असेल आणि वास व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा असेल तर ते ॲसिटोबॅक्टर. अगदी सुरुवात असेल तर सल्फाइट आणि काठोकाठ भरण्याने पुढचं थांबतं, पण तयार झालेलं ॲसिटिक आम्ल परत जात नाही. चव स्पष्ट आंबली असेल तर हट्ट सोडा आणि तिचं मुद्दाम व्हिनेगर करा. ते भांडं, ती नळी आणि ते बूच मात्र पुन्हा वाईनकडे आणू नका. तवंगावर हिरवी-काळी केसाळ बुरशी असेल तर वाईन टाकून द्या, वरची काढून खालची प्यायची नाही.

सडक्या अंड्याचा वास आला तर यीस्टला पोषण कमी पडलेलं असतं किंवा जाड साक्यावर फार दिवस गेलेले असतात. इथेच फक्त नियम मोडायचा: एकदा खळखळून, शिंतोडे उडवत दुसऱ्या भांड्यात घ्या, वास उडून जातो. लगेच सल्फाइट द्या. महिनाभर तसंच ठेवलंत तर त्याचं रूपांतर लसूण-कांद्याच्या वासात होतं आणि ते घालवणं फार अवघड. तांब्याची तार बुडवून ढवळण्याचा जुना उपाय सांगितला जातो. किती तांबं वाईनमध्ये उतरलं हे घरी मोजता येत नाही, तेव्हा नकोच.

वाईन तेलासारखी दाट, लोंबती पडत असेल तर ते लॅक्टिक जिवाणूंचं काम. जोरात ढवळून ती लांबण तोडा, सल्फाइट द्या, बसू द्या आणि निवळ काढा. चव बहुतेक वेळा वाचते.

आणखी एक बिघाड फसवा असतो. पेल्यात वास चांगला, पहिल्या घोटालाही काही नाही, गिळल्यावर काही सेकंदांनी घशाच्या मागून उंदराच्या पिंजऱ्यासारखी घाण चव येते. हे वास देणारे पदार्थ वाईनच्या आम्लात उडत नाहीत, लाळेशी मिसळल्यावर मोकळे होतात. संशय असेल तर एक थेंब तळहाताच्या मागे चोळून वास घ्या, तिथे लवकर कळतो. यावर घरगुती उपाय नाही. ती वाईन दुसऱ्या कशात मिसळून वाचवायला जाऊ नका, सगळीच जाईल.

रंगासाठी एक सोपी चाचणी आहे. पेला अर्धा भरा आणि उघडाच, चोवीस तास, टेबलावर ठेवा. शेजारी भांड्यातून ताजी काढलेली वाईन धरून पाहा. पेल्यातली तपकिरी झाली असेल किंवा गढूळली असेल, तर भांड्यातली वाईनही थोड्या हवेने तशीच होणार आहे, म्हणजे सल्फाइट कमी पडतंय. फरक दिसला नाही तर बाटली भरायला हरकत नाही. ही चाचणी बाटल्या धुवायला घेण्याआधी करा.

६. निवळण्याची वाट

गढूळ वाईन बाटलीत भरली की साका बाटलीत बसतो, आणि त्यात यीस्ट असतं. बहुतेक वाईनी दोन ते सहा महिन्यांत आपापल्या निवळतात. सफरचंद, आलुबुखार, बोरांसारखी पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला पदार्थ) जास्त असलेली फळं अडतात. आंबवण्याआधी पेक्टिन फोडणारं एन्झाइम घातलेलं नसेल तर धूसरपणा महिनोन्‌महिने जात नाही. प्रोटीनचा धूसरपणा असेल तर बेंटोनाइट नावाची माती चालते: लिटरला सुमारे एक ग्रॅम, आदल्या दिवशी गरम पाण्यात भिजवून, मग ढवळून घालायची. आठवड्याभरात तळाशी बसते.

७. गोड करायची असेल तर

इथे चूक महागात पडते. साखर घातलेली वाईन आणि जिवंत यीस्ट बाटलीत एकत्र बंद झालं की आंबणं पुन्हा सुरू होतं. लिटरमागे फक्त ४ ग्रॅम साखर आंबली तरी बाटलीत सुमारे एका वातावरणाचा दाब वाढतो. बुडबुडे असलेल्या वाईनीत मुद्दाम २४ ग्रॅमच्या आसपास साखर घालून सहा वातावरणांचा दाब आणतात, पण त्या बाटल्या जाड काचेच्या असतात. तुम्ही गोडव्यासाठी ५० ग्रॅम घातलेत आणि बाटली साधी असेल तर ती फुटेल आणि काच उडेल.

पोटॅशियम सॉर्बेट लिटरमागे ०.२ ते ०.२५ ग्रॅम घातलं की यीस्ट नव्याने वाढत नाही. ते यीस्टला मारत नाही, म्हणून चालू आंबणं थांबवायला त्याचा उपयोग नाही. क्रम असा ठेवा: वाईन पूर्ण कोरडी, स्वच्छ निवळलेली, साक्यावरून काढलेली, मग सल्फाइट आणि सॉर्बेट एकाच वेळी, दुसऱ्या दिवशी साखर, आणि मग एअरलॉक लावून दोन-तीन आठवडे तशीच. या काळात हायड्रोमीटरचा आकडा उतरला नाही तरच बाटली. सॉर्बेट सल्फाइटशिवाय कधीही घालू नका. लॅक्टिक जिवाणू ते खाऊन जिरॅनियमच्या चुरगळलेल्या पानांसारखा वास तयार करतात आणि तो कशानेही जात नाही.

घरगुती गाळणीने यीस्ट निघून जाईल, असं समजू नका. त्याला ०.४५ मायक्रॉनची निर्जंतुक गाळणी लागते आणि पुढचं सगळं सामानही तितकंच निर्जंतुक असावं लागतं. वाईन तापवून टिकवण्याची पद्धत लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात वाईनच्या रोगांवर काम करताना बसवली, सुमारे ५० ते ६० अंशांवर. घरी ती करू नका. तापलेल्या अल्कोहोलची वाफ पेट घेते आणि फळाचा वास तर जातोच.

८. बाटली भरण्याच्या आदल्या दिवशी

हायड्रोमीटर पुन्हा एकदा. सामू आणि शेवटची सल्फाइटची मात्रा, सामूप्रमाणे २५ ते ५० पीपीएम, भरण्याच्या चोवीस तास आधी. पेल्यात वाईन घेऊन तोंड तळव्याने झाकून जोरात हलवा. हात काढताना 'फस्स' आवाज आला तर वायू उरलेला आहे, आणखी काही दिवस थांबा. बाटल्या भरताना नळी बाटलीच्या तळाशी, आणि बुचाखाली दोन सेंटीमीटरच मोकळं.

सगळ्या बाटल्या काचेच्या भरल्यात तरी एक पाणी विकतात तशी मऊ प्लॅस्टिकची बाटली त्याच वाईनने भरा, दाबून हवा काढा आणि झाकण लावून बाकीच्यांच्या शेजारी ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी ती चिमटून पाहा. फुगून कडक होत असेल तर आत आंबणं सुरू झालंय. त्याच दिवशी काचेच्या सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये टाका, हातमोजे घालून, तोंड दुसरीकडे करून एकेक सावकाश उघडा आणि वाईन परत एअरलॉकच्या भांड्यात घ्या.